एका सरहद्दी पोलिसाचे आत्मचरित्र

सरकारी चाकरीत हयात घालविलेला मनुष्य आत्मचरित्र लिहावयास बसला म्हणजे त्याच्यापुढे दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली अशी की, वर्षानुवर्षे अहवाल लिहिल्याने त्याच्या लेखणीस मनातले बोलण्याची सवय राहिलेली नसते. दुसरी अडचण अधिक अवघड आहे. त्याच्या हातून झालेल्या उत्तम कामांपैकी बरीचशी कामे काहीतरी घडू न देण्याची असतात. दंगल पेटली नाही, साथ पसरली नाही, दोन गावांत वैर माजले नाही. हे सांगावयाचे कसे? जे घडले नाही त्याची गोष्ट होत नाही. मग तो आयुष्यातले चार धामधुमीचे प्रसंग वेचून काढतो, त्यांना रंग चढवितो, आणि ज्या कामात त्याचा खरा जन्म गेला ते काम त्या प्रसंगांच्या मधल्या फटीत पडून राहते.

सॅम्युएल बेनफील्ड स्टील याचे ‘फॉर्टी इयर्स इन कॅनडा’ हे १९१५ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक पुन्हा चाळताना हा विचार आमच्या मनात वारंवार आला. स्टील हा कॅनडाच्या वायव्य सरहद्दीवरील घोडेस्वार पोलीस दलाचा अधिकारी. पुढे तो बोअर युद्धात एका पथकाचा सेनानी झाला आणि पहिल्या महायुद्धात मेजर जनरलच्या पदास पोचला. आमच्या वाचकांपैकी बहुतेकजण स्वतः घरापासून दूर, परभाषी मुलुखात अधिकारपदावर आहेत. परक्या लोकांत राहून त्यांचा कारभार पाहणाऱ्या माणसाने स्वतःविषयी काय लिहिले आणि काय लिहिले नाही, हे पाहणे त्यांना उद्बोधक वाटेल असा आमचा समज आहे.

प्रथम थोडी माहिती देतो. स्टीलचा जन्म ओंटारिओ प्रांतातला. त्याचे वडील ब्रिटिश आरमारातून निवृत्त झालेले अधिकारी होते. लहानपणीच तो पोरका झाला आणि सावत्र भावाकडे वाढला. १८७० साली लाल नदीच्या मोहिमेत तो साधा शिपाई म्हणून गेला. १८७३ साली कॅनडाच्या सरकारने वायव्येच्या विस्तीर्ण माळरानासाठी पोलीस दल उभारले, तेव्हा पहिल्या तुकडीत तो दाखल झाला. दारू विकणाऱ्या व्यापाऱ्यांनी त्या मुलुखात अनर्थ मांडला होता. त्याच वर्षी सायप्रस टेकड्यांत मूळ रहिवाशांची कत्तल झाली होती. सुमारे तीनशे माणसांनी एका खंडाएवढ्या मुलुखात कायदा न्यावयाचा, असे ते काम होते. १८७४ च्या प्रसिद्ध कूचेत सर्वांत थकलेली घोडी घेऊन जी तुकडी एडमंटनकडे निघाली, तीत स्टील होता. येथून पुढे पाव शतक तो या दलात राहिला. पुस्तकाचा उत्तम भाग याच पाव शतकाचा आहे.

त्यातली दोन प्रकरणे आम्हांस विशेष महत्त्वाची वाटतात. पहिले ब्रिटिश कोलंबियातील कूटनी खोऱ्याचे. तेथे दोन गोऱ्या खाणशोधकांचा खून झाला होता. त्या आरोपावरून कपुला नावाच्या एका मूळ रहिवाशास अटक झाली, आणि त्याचा नायक इसाडोर याने माणसे घेऊन येऊन त्याला कोठडीतून सोडवून नेले. गोऱ्या वस्तीत भीती पसरली. १८८७ साली सुमारे ७५ पोलीस घेऊन स्टील तेथे गेला. त्याने ठाणे बांधले, इसाडोरशी बोलणे केले, आरोपींना आपल्यापुढे आणवून चौकशी केली. आणि पुरावा पुरेसा नाही असे पाहून त्यांना सोडून दिले. पुढल्या वर्षी तुकडी एकही गोळी न झाडता परत गेली. त्या जागेस आज फोर्ट स्टील म्हणतात.

ही हकीकत स्टील साधेपणाने सांगतो, आणि त्या साधेपणातच तिची किंमत आहे. गोऱ्या वस्तीला शिक्षा हवी होती, आणि पाठीशी बंदुका होत्या. अशा वेळी पुरावा नाही म्हणून सोडून देणे यास धैर्य लागते. आमच्या मते स्टीलच्या साऱ्या आयुष्यातला सर्वांत मोठा पराक्रम हाच. पण पुस्तकात तो पराक्रम म्हणून येत नाही. एका मुक्कामाची हकीकत म्हणून येतो. शिवाय कूटनीच्या तंट्याचे मूळ केवळ खुनात नव्हते. इसाडोर ज्या कुरणावर आपली गुरे चारीत असे ते एका गोऱ्या गृहस्थाने विकत घेतले होते, आणि इसाडोर ते सोडावयास तयार नव्हता. सरकारी आयोगाने निर्णय दिला तो नव्या मालकाच्या बाजूने. म्हणजे खुनाच्या खटल्यात न्याय झाला, जमिनीच्या खटल्यात कायदा झाला. या दोहोंत अंतर असते हे सरहद्दीवरच्या अधिकाऱ्याइतके कोणास ठाऊक असणार? परंतु स्टीलची लेखणी या अंतरापाशी थांबत नाही.

दुसरे प्रकरण क्लोंडाइकचे. १८९६ च्या ऑगस्टमध्ये युकॉन प्रदेशात सोने सापडले आणि पुढील दोन वर्षांत हजारो माणसे त्या बर्फाळ मुलुखाकडे धावली. १८९८ च्या आरंभी स्टीलला तिकडे पाठविण्यात आले. चिलकूट आणि व्हाइट पास या दोन खिंडींच्या माथ्यावर पोलिसांनी ठाणी घातली. कॅनडा आणि अमेरिका यांची तेथील सीमा तेव्हा ठरलेली नव्हती; तिचा निवाडा १९०३ साली झाला. तोवर वादळात तंबू धरून बसलेले हे पोलीसच सीमा होते. ज्याच्यापाशी वर्षभराचा शिधा नाही त्यास आत सोडावयाचे नाही, असा दंडक होता. शिधा आणि सामान मिळून माणशी सुमारे एक टन ओझे होई. ते पाठीवर घेऊन त्या चढणीवरून पुनःपुन्हा खेपा घालाव्या लागत. लोक चरफडत, पण आत गेल्यावर उपासमार होऊ नये याची तजवीज त्या चरफडण्यात होती.

वसंतात बर्फ फुटले, आणि बेनेट सरोवरावर घडविलेल्या सुमारे सात हजार नावा एकदम नदीस लागल्या. माइल्स कॅन्यनच्या खळाळात नावा फुटू लागल्या, माणसे बुडू लागली. स्टील तेथे गेला आणि त्याने जमलेल्या लोकांस हुकूम सांगितला की, बायकामुलांनी नावेत बसावयाचे नाही, त्यांनी काठाकाठाने पाच मैल चालत जावे. आणि कसलेला तांडेल असल्याखेरीज नाव सोडावयाची नाही. मोडेल त्यास शंभर डॉलर दंड. या हुकुमास कोणत्याही कायद्याचा आधार नव्हता, आणि ही गोष्ट त्याने लोकांपासून लपवून ठेवली नाही. पोलीस वाटेल तसे कायदे करतात असा तुमचा आक्षेप आहे ना, मग आज तुमच्या भल्यासाठी मी एक कायदा करतोच, अशा अर्थाचे तो बोलला.

हा भाग पुस्तकात सर्वांत वाचनीय उतरला आहे. त्याचे कारण स्टीलची शैली नव्हे. त्याची वाक्ये लांबट आहेत. भेटलेल्या प्रत्येक सहकाऱ्याचे नाव टिपण्याचा त्याला सोस आहे, आणि निसर्गवर्णन करावयास गेला की तो कोरडा पडतो. पण येथे आकडेच कथा सांगतात. नावा किती, माणसे किती, शिधा किती, ठाण्यांतील अंतर किती, हे तो अहवालाच्या चोखपणाने देतो, आणि वाचकाच्या डोळ्यांपुढे ती सारी धांदल उभी राहते. अहवाल लिहिण्याची सवय लेखकास मारक ठरते असे आम्ही आरंभी म्हटले. येथे तीच सवय त्याला तारक झाली आहे. जो अधिकारी आपल्या कामाचा तपशील प्रामाणिकपणे मांडतो त्याला अलंकाराची गरज पडत नाही.

आता पुस्तकाच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. १८८५ च्या एप्रिलमध्ये पॅसिफिक रेल्वेच्या बांधकामावरील मजुरांनी बीव्हर येथे संप केला. स्टील तापाने अंथरुणास खिळलेला होता. एका पोलिसावर जमाव चालून आला, गोळी सुटली, तेव्हा स्टील तसाच उठला, पुलावर गेला, हाती बंदूक घेतली, आणि बारांहून अधिक माणसे एकत्र दिसली तर गोळी घालीन असे त्याने बजावले. जमाव पांगला. हा प्रसंग चित्रपटात शोभावा असा आहे आणि स्टीलने तो तसाच रंगविला आहे. संपाचे कारण मात्र साधे होते: मजुरांचे वेतन थकले होते. कंपनीपाशी पैसा उरला नव्हता. स्टीलला हे ठाऊक होते. त्याने पंतप्रधानांस तारेने कळविलेही होते. कर्तव्यदक्ष अधिकाऱ्यास साजेल असेच ते काम होते. पण वाचकाच्या ध्यानात राहतो तो पूल आणि बंदूक. ती तार नव्हे. तारेस जेवढी जागा हवी होती तेवढी मिळाली असती तर हे प्रकरण अधिक सखोल झाले असते.

त्याच वसंतात वायव्येत लुई रिएलचे बंड पेटले, आणि येथे पोलिसाचा सैनिक झाला. स्टीलने पोलीस आणि गुराखी मिळून एक स्वार पथक उभे केले. जनरल स्ट्रेंज याच्या फौजेबरोबर ते क्री लोकांचा नायक बिग बेअर याच्या पाठलागास निघाले. हा थॉमस ब्लांड स्ट्रेंज मेरठ येथे जन्मलेला, आणि १८५७ च्या बंडात लखनौच्या लढाईत तोफखान्यावर असलेला. साम्राज्याची माणसे अशी एका सरहद्दीवरून दुसरीवर जात असत. ३ जून १८८५ रोजी लून सरोवराकाठी स्टीलच्या तुकडीची क्री लोकांशी चकमक झाली. कॅनडाच्या भूमीवर झालेली ती शेवटची लढाई समजतात. पुस्तकात पाठलागाचे वर्णन वेगवान आहे आणि लेखकाचा उत्साह लपत नाही.

पण बिग बेअर कोण होता? पुस्तक मिटल्यावर वाचकास याचे उत्तर देता येत नाही. १८७६ साली फोर्ट कार्लटन आणि फोर्ट पिट येथे सरकारने क्री लोकांशी तह केला, तेव्हा त्यावर सही करावयास बिग बेअर तयार झाला नव्हता. माळरानावरचे रानगवे संपले, लोक उपाशी मरू लागले, तेव्हा १८८२ साली त्याने नाइलाजाने सही केली. २ एप्रिल १८८५ रोजी फ्रॉग लेक येथे त्याच्या टोळीतील तरुणांनी नऊ माणसे मारली, तीही त्याचे न ऐकता. लून सरोवराकाठी ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या त्यांच्यात लढवय्यांबरोबर त्यांची बायकामुलेही होती. बिग बेअर जुलैत शरण आला. त्यास तीन वर्षांची शिक्षा झाली, १८८७ साली सुटला आणि पुढील वर्षाच्या आरंभी मेला. ज्या अधिकाऱ्याने कपुलाला पुराव्याअभावी सोडले, त्याच्याच लेखणीत हा म्हातारा नायक केवळ पाठलागाचे लक्ष्य होऊन राहतो. पोलीस असताना स्टील समोरच्या माणसाचे म्हणणे ऐकत होता; सैनिक झाल्यावर त्याला समोर फक्त शत्रू दिसतो. पोलिसाची वर्दी उतरून सैनिकाची चढली म्हणजे नजर कशी आखडते, याचा याहून स्पष्ट पुरावा आम्हांस ठाऊक नाही. आणि तो लेखकाने नकळत दिला आहे.

१८५७ ची दुसरी बाजू आम्हा मराठी वाचकांस वरसईच्या विष्णुभट गोडशांनी दाखविली. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापला नसता, तर झाशीच्या त्या दिवसांचे आमचे ज्ञान इंग्रज सेनापतींच्या पत्रांपुरते राहिले असते. भिक्षुकीस निघालेला एक गरीब ब्राह्मण. पण त्याने जे पाहिले ते लिहिले. लून सरोवराच्या बाबतीत दुसरी बाजू पुढे यावयास पुष्कळ काळ लागला. क्री समाजातील एडवर्ड अहेनाक्यू यांनी थंडरचाइल्ड या वृद्ध नायकाच्या तोंडून १९२३ साली जुन्या गोष्टी लिहून घेतल्या, त्या पुस्तकरूपाने निघाल्या १९७३ साली. त्याच वर्षी रूडी वीब यांची बिग बेअरवरील कादंबरी प्रसिद्ध झाली आणि तिला कॅनडाच्या गव्हर्नर जनरलचा पुरस्कार मिळाला. स्टीलचे पुस्तक आज वाचावयाचे तर या पुस्तकांशेजारी ठेवून वाचावे, अशी आमची शिफारस आहे.

दक्षिण आफ्रिकेच्या भागाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. लॉर्ड स्ट्रॅथकोना यांनी पदरच्या खर्चाने एक स्वार पथक उभे केले आणि त्याचे नेतृत्व स्टीलकडे आले. १९०० साली हे पथक नाताळात जनरल बुलरच्या फौजेस मिळाले. त्याच फौजेबरोबर काही महिने आधी गांधीजींचे शुश्रूषापथक जखमी वाहून नेत होते, हे आमच्या वाचकांस आठवेल. स्टीलच्या पथकातील सार्जंट रिचर्डसन याला वुल्व्ह स्प्रुइटच्या चकमकीसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तोही मूळचा पोलीसच. युद्धानंतर १९०६ पर्यंत स्टील बेडन-पॉवेल यांनी उभारलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या पोलीस दलात होता. हा सारा भाग पुस्तकात लष्करी खलित्यासारखा वाटतो. मुक्काम, कूच, चकमक, पुन्हा मुक्काम. त्या युद्धात शेते जाळली गेली, बोअर बायकामुले छावण्यांत कोंडून मेली. अशा काळात सरहद्दीवरचा जाणता पोलीस काय विचार करीत असेल, याची वाचकास उत्सुकता असते. ती तशीच राहते.

न लिहिलेल्या गोष्टींत सर्वांत मोठी गोष्ट मात्र लेखकाच्या स्वतःविषयीची आहे. युकॉनमध्ये स्टीलने दारूचे परवाने आणि नेमणुका यांत सत्ताधारी पक्षाच्या शिफारशींस दाद दिली नाही. १८९९ च्या शरदात ओटावाहून त्याला परत बोलाविण्यात आले. डॉसनच्या लोकांनी विरोध नोंदविला आणि गर्दी करून त्याला निरोप दिला. हुकूम मात्र फिरला नाही. आमच्या वाचकांस या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. अशा एखाद्या बदलीची कथा प्रत्येक कचेरीत दबक्या आवाजात सांगितली जाते. पण चारशेंहून अधिक पृष्ठांच्या पुस्तकात या प्रकरणाचा हिशेब अगदीच त्रोटक आहे. तो सैन्यात गेला त्याच्या मुळाशी ही दुखावलेली निष्ठा कितपत होती, हे वाचकाने ताडावयाचे. पत्नी आणि मुले यांचे उल्लेखही असेच ओझरते आहेत.

हे मौन पुष्कळसे समजण्यासारखे आहे. पुस्तक निघाले तेव्हा स्टील नोकरीत होता आणि युद्ध चालू होते. वरिष्ठांविषयी लिहिण्याची ती वेळ नव्हती. परंतु मौनालाही किंमत द्यावी लागते. स्टीलने जपून ठेवलेली पत्रे आणि रोजनिशा वंशजांपाशी इंग्लंडात राहिल्या. त्या २००८ साली अल्बर्टा विद्यापीठाने मिळविल्या. त्यांत पत्नी मेरीस लिहिलेली अनेक पत्रे आहेत. त्यांच्या आधारे रॉड मॅक्लिऑड यांनी लिहिलेले चरित्र २०१८ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे आत्मचरित्रकाराने जो माणूस झाकून ठेवला तो बाहेर यावयास शंभर वर्षे लागली, आणि तेही दुसऱ्याच्या हातून. पत्नीस पत्र लिहिताना ज्या लेखणीस संकोच वाटला नाही, तीच पुस्तकात गणवेश चढवून येते. हा दोष एकट्या स्टीलचा नाही. आमच्याकडील निवृत्त अधिकाऱ्यांच्या आठवणी वाचतानाही आम्हांस हाच अनुभव येतो.

स्टीलच्या आयुष्याचा शेवट पुस्तकाबाहेर पडला आहे. १९१४ साली युद्ध सुरू झाले तेव्हा तो साठी उलटलेला होता. कॅनडाच्या दुसऱ्या डिव्हिजनला तालीम देऊन तो तिला इंग्लंडात घेऊन गेला. पण फ्रान्समध्ये तिचे नेतृत्व दुसऱ्याकडे गेले. स्टील इंग्लंडच्या किनाऱ्यावर शॉर्नक्लिफच्या छावणीचा अधिकारी होऊन राहिला. तो रोज नवी माणसे तयार करी आणि रणांगणाकडे पाठवी. स्वतः मात्र मागे राही. १९१८ च्या आरंभी त्यास ‘सर’ ही पदवी मिळाली, त्याच वर्षी तो निवृत्त झाला, आणि ३० जानेवारी १९१९ रोजी इन्फ्लुएंझाच्या साथीत लंडनमध्ये वारला. त्याला जन्मभर सैनिक म्हणून ओळखले जावे असे वाटत होते, आणि नशिबाने त्याला शेवटी पुन्हा पोलिसाचेच काम दिले: शिधा मोजणे, माणसे मोजणे, शिस्त राखणे.

या पुस्तकाचे मोल आम्ही असे ठरवितो. ललित गुणांनी ते सामान्य आहे. इतिहासाचे साधन म्हणून ते मोठे आहे, पण एकांगी आहे. आणि आत्मचरित्र म्हणून ते ज्या ठिकाणी लेखकाला लहान वाटले त्याच ठिकाणी मोठे झाले आहे: कूटनीच्या चौकशीत, खिंडीवरच्या शिध्याच्या हिशेबात, खळाळाकाठी सांगितलेल्या हुकुमात. पूल आणि बंदूक, पाठलाग आणि चकमक ही प्रकरणे जुनी झाली. पुरावा नाही म्हणून सोडून दिलेला कपुला जुना होत नाही.

आमच्या वाचकांपैकी कोणी दूरच्या जिल्ह्यात, सीमेवरच्या ठाण्यात अथवा परप्रांतीच्या कचेरीत बसून आठवणी लिहीत असतील, तर त्यांनी हे पुस्तक अवश्य मिळवून वाचावे. धामधुमीचे चार प्रसंग लिहावयाचे तर लिहावेत. पण ज्या दिवशी काही घडले नाही, त्या दिवशी ते का घडले नाही. आणि समोर उभा राहिलेला माणूस त्या दिवशी आपल्याला काय म्हणाला, हेही टिपून ठेवावे. तेवढे लिहिलेले हस्तलिखित आमच्याकडे आले तर त्यास आम्ही आनंदाने जागा देऊ.